राईची भाऊबीज

गाडी इथंच सावलीत राहू द्या. पुढे पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पायी गेलेलं बरं. हा आमच्या हिरडबोडीचा तलाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दुसऱ्या अंगाला पाणी, आणि पाण्याच्या पलीकडे ते काळंहिरवं दिसतं आहे, ती राई. आजूबाजूच्या टेकड्यांकडे पाहा, नुसता मुरूम उरला आहे. राई मात्र पाण्याला टेकून उभी आहे. बिजा, ऐन, मोह, तेंदू, बहावा, सगळं तिच्यात आहे, आणि काही झाडं अशी की दोघांच्या कवेत यायची नाहीत. तिला कुंपण घातलेलं नाही, राखणदार ठेवलेला नाही. तरी तिच्यात कुणाची कुऱ्हाड चालत नाही.

येणारे विचारतात, आत कोणता देव आहे? देव वगैरे काही नाही हो. शेंदूर फासलेला एक दगडसुद्धा सापडायचा नाही. ती आमच्या गावची लेक आहे, एवढंच. लेक कशी झाली, ते आमच्याकडे असं सांगतात.

त्या काळी इथे उरकुडा पाटील म्हणून मालगुजार होते. मालगुजार म्हणजे गाव, तलाव, रान, सगळं ज्याच्या नावावर, तो. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं त्यांना जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं, म्हणजे मरणाची नजर पडू नये. त्यावरून नाव पडलं उरकुडा. माणूस अबोल. त्यांच्या आज्यानं बांधलेल्या या तलावावर त्यांचा जीव होता. पलीकडचं रान पाऊस अडवतं, जिरवतं, आणि मग हळूहळू तलावात सोडतं, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून रानाला त्यांनी कधी हात लावला नाही. आणि दुसरा जीव होता दंडारीवर.

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडार उभी राहते. गाणं, नाच, सोंग, सगळं तिच्यात. बायकांची कामंही पुरुषच करतात. आमच्या दंडारीत सगळ्या जातींची माणसं होती, आणि बहुतेक सगळी रोजानं राबणारी. धानाची रोवणी आटोपली की ती रानाच्या कडेला मोहाच्या सावलीत तालीम करायची. तालमीच्या दिवसांत त्यांच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून पाटील आपल्या कोठीतलं धान त्यांना देत. लुगडी, फेटे, ढोलकीचं कातडं, सगळं पाटलांकडून. कुणी नावं ठेवली तर म्हणत, "बैलाले चारा घालता ना? मंग गान्याले काहून उपाशी ठेवता?"

पाटलीणबाईंचं नाव कवतिका. लग्न होऊन केस पिकायला आले, पण कूस उजवली नव्हती. गावात कुणाच्या घरी हळद असली की बायका बोलावणं द्यायला दारापर्यंत यायच्या आणि तिथंच अडखळायच्या. त्यांना अवघड नको म्हणून कवतिकाबाईच आधी म्हणत, "माये गुडघे दुखतात वो, मी काई येत नाई." गुडघे काही दुखत नव्हते. त्या दिवशी त्या पाळीवर येऊन बसत आणि पाण्यावरून येणारी तालीम ऐकत.

दंडारीत बाईचं काम करणारा होता फागू ढिवर. ढिवर म्हणजे तलावात मासे धरणारे. जवान पोरगा, आवाज गोड, पण त्या वर्षी त्याचं एका जागी अडलं. सोंगात त्याला आई व्हायचं होतं, लेकीला सासरी पाठवणारी. तो एका दुपारी पाटलांच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"पाटलीनमाय, मले रडताच येत नाई. मी रडलो का मानसं हासतात."

"अरे, मी कवा लेक धाडली बापा? दुसऱ्या बायांले विचार."

"विचारलो. त्या म्हनतात का ऊर बडव. बडवलो. तरी हासतात."

कवतिकाबाई उठल्या. मग आत जाऊन एक फडकं आणि मूठभर पोहे घेऊन आल्या, आणि ओट्यावर बसल्या.

"हे पाय. लेक निंगते तवा माय रडत नाई. ते शिदोरी बांधते. बांधते, अना सोडून पायते का मीठ घातलं का नाई. अखीन बांधते. अखीन सोडते. भायेर गाडीवाला हाका मारते. गाठ बसली का लेक चालली, म्हनून तिले गाठच बांधता येत नाई."

बोलता बोलता त्यांची बोटं फडक्याच्या टोकांशी खेळत राहिली. फागू पाहत राहिला. मग पाया पडला आणि गेला. त्या वर्षीच्या मंडईत तो नुसता शिदोरी बांधत बसला आणि साऱ्या मंडईतल्या बायकांनी डोळ्याला पदर लावले, असं सांगतात. तेव्हापासून तो कवतिकाबाईंना पाटलीणमाय न म्हणता नुसतं माय म्हणू लागला.

पुढे पाटलांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, बोलणं जड झालं. त्यांचा वारस म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, रतिराम. भाऊ-भावजय लवकर गेले, तेव्हा कवतिकाबाईंनीच त्याला वाढवलं होतं. पुढे तो मामाकडे शहरात शिकायला गेला आणि तिथंच रमला. माणूस वाईट नव्हता. त्याला शहरात धानाची गिरणी टाकायची होती. त्या वेळी रेल्वे नवी पडत होती, रुळांखाली घालायला लाकूड लागत होतं, आणि एका ठेकेदारानं त्याला हिरडबोडीचं रान मागितलं होतं.

रतिराम आला, काकांच्या खाटेशी बसला. म्हणाला, "काका, आज ना उद्या हे मलाच पाहायचं आहे. रान नुसतं उभं आहे. त्याचा कुणाला काय उपयोग? आणि ते नाचे किती दिवस पोसणार तुम्ही? माझ्याच्यानं ते व्हायचं नाही, आत्ताच सांगतो."

पाटलांनी जड जिभेनं सांगून पाहिलं की रान गेलं तर पहिल्याच पावसात सारा गाळ तलावात उतरेल, तलाव गेला तर गाव जाईल. रतिरामला वाटलं, म्हातारपणाचं बोलणं आहे. काकांच्या आजारपणात सारा व्यवहार त्याच्याच हाती आला होता, त्यानं ठेकेदाराला होकार कळवला. दोन दिवसांनी ठेकेदाराची माणसं आली आणि चांगल्या चांगल्या झाडांवर ओल्या चुन्याचे पट्टे ओढून गेली. तोड दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायची होती.

कवतिकाबाई खाटेच्या काठावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या जितेपनी गावाले देऊन टाका ना रान."

पाटलांनी मान हलवली. "गावाले देलो तं गाव एकेक झाड नेईल. कोनाले नांगर लागते, कोनाले छपराले मयाल लागते. कोनी वाईट नाई, पन रान सरून जाईल."

मग कवतिकाबाईंनी विचारलं, "मानूस कोनाच्या घरचं काई घेत नाई, सांगा बरं?"

पाटील पाहत राहिले.

"लेकीच्या," त्या म्हणाल्या. "लेक देली का तिच्या घरचं पानीबी पेत नाई आपन. उलट जातानी हातात काई घेऊन जातो. रान लेक करा. तलावाले द्या. लगन लावू."

पाटलांच्या तोंडाची एकच बाजू हलायची. तेवढीच हसली, म्हणे.

लगेच फागू घरोघर अक्षता घेऊन गेला. काही लोक हसले, काहींना पाटलीणबाईंचं डोकं फिरलं असं वाटलं. पण मालगुजाराच्या घरचं लग्न, म्हणून सगळे तयार झाले. दिवस वैशाखाचे होते. दंडारीवाल्यांनी पाण्याच्या काठी जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला. आणि सूर्य उतरायच्या आत कवतिकाबाई हळदीचं पातेलं घेऊन स्वतः गावातल्या बायकांच्या दारोदार गेल्या.

"माया लेकीची हळद हाये. येता ना वो?"

ज्या बायका इतकी वर्षं त्यांच्या दाराशी अडखळत होत्या, त्या एकीमागून एक बाहेर पडल्या. कुणी चुलीवरचं तसंच टाकून आली.

रानाला हळद लावायची म्हणजे कुठल्या झाडाला लावायची? कवतिकाबाई म्हणाल्या, चुना लावलेल्या झाडांना लावा, त्यांनाच जास्त गरज आहे. बायकांनी ओंजळीनं हळद घेऊन त्या पांढऱ्या पट्ट्यांवर चोळली. आणि पाहता पाहता पट्टे लाल झाले. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे कुठल्या बाईला ठाऊक नाही? पण त्या संध्याकाळी ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. सगळ्या बायका हात तसेच धरून उभ्या राहिल्या. मरायला नेमलेलं एकेक झाड कपाळ भरून कुंकू ल्यालं होतं.

सकाळी ठेकेदार आला, बरोबर परमुलखातले लाकूडतोडे आणि रतिराम. पाण्याच्या काठी मांडव, वाजंत्री, सारं गाव जमलेलं. लाकूडतोडे झाडांपाशी गेले आणि थांबले. त्यातल्या म्हाताऱ्यानं कुऱ्हाड खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवली. "आम्ही लाकडं तोडतो, सायेब. कुंकवावर घाव घालत नाही," तो म्हणाला. ठेकेदारानं आवाज चढवला, दाम वाढवून देतो म्हणाला. एकही माणूस हलला नाही. तेव्हा तो रतिरामकडे वळला. "रान तुमचं आहे. तुम्ही सांगा यांना."

सगळ्यांच्या माना रतिरामकडे वळल्या. तो लालबुंद झाला होता. मांडवात जाऊन तो काकीसमोर उभा राहिला.

"काकी, हे काय चालवलंय तुम्ही? साऱ्या गावासमोर माझं हसं करता?"

कवतिकाबाईंनी त्याच्याकडे वर पाहिलं. आवाज चढवला नाही.

"तुया बहिनीचं लगन हाये बापा. येवढा उशीर करते का भाऊ? तुयासाठीच मुहूर्त धरून ठेवलो आमी."

"मला कुठली बहीण?"

"नव्हती. म्हनून तं." त्यांनी त्याचा हात धरला. "लायना होतास तवा दर भाऊबीजेले कवाडामांगं जाऊन बसत होतास. साऱ्या पोट्ट्यांचे कपाळ लाल, अना तुया कोरा. मी ओवाळतो म्हनलो तं म्हने, तू काकी आहेस, तू बहीन नाईस. खरं होतं तुया म्हननं. तवा मायाजवळ द्याले काई नव्हतं रे. आता हाये."

ठेकेदार हाका मारत होता, त्या रतिरामला ऐकू येत नसाव्यात. मग त्यानं पायातले जोडे काढले, बाजूला ठेवले आणि एवढंच विचारलं, "भावानं काय करायचं असतं?"

"जावयाचा कान पिळाचा असते," फागू मागून म्हणाला, आणि सारा मांडव हसला. पाण्याचा कान कुठे असतो? रतिराम गुडघाभर पाण्यात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि मुठी आवळल्या. बोटांतून पाणी सांडलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. ठेकेदार कधी निघून गेला, ते कुणी पाहिलं नाही.

कन्यादानाच्या वेळी पाटलांना खाटेसकट काठाशी आणलं. दान उजव्या हातानं द्यायचं, आणि उजवा हात तर उठत नव्हता. कवतिकाबाईंनी तो लुळा हात आपल्या दोन्ही हातांत उचलून धरला आणि त्याच्यावरून पाण्याची धार सोडली. मुलीचं नाव विचारलं तेव्हा पाटील म्हणाले, "राई." त्या आधी ते नुसतं रान होतं. त्याच वेळी वाऱ्याची झुळूक आली आणि काठावरच्या बहाव्यानं आपली पिवळी फुलं तलावावर झाडली. नवऱ्या मुलाला हळद लावायची राहून गेली होती, ती अशी लागली, असं आमच्या बाया मानतात.

अक्षता पडल्यावर दंडारीचा ढोलकीवाला झितरू मडावी पुढे आला. म्हणाला, "पाटलीनमाय, एक इचारतो. आमी गोंड मानसं. मोहफूल, तेंदू, चारोळी, आमचं पोट रानावर. आजपासून का खावाचं आमी?"

प्रश्न खराच होता. कवतिकाबाई विचार करून म्हणाल्या, "लेक माहेरी धाडते ते आपन घेतो ना? जे खाली पडलं ते राईनं धाडलं. फूल घ्या, फळ घ्या, वाळली काडी घ्या. वर हात नाई घालाचा. घरात शिरून घेनं अलग, अना देलं ते घेनं अलग. तलावाचं पानीबी तसंच. जावई आपल्या हातानं सोडते तेवढं बांधीत घ्याचं."

झितरूनं मान डोलावली आणि ढोलकीवर थाप दिली. तो नेम झाला.

मग पाठवणी आली. पण या लग्नात नवरी आपल्या जागीच उभी. निघून यायचं होतं ते आईबापांनी. कवतिकाबाई एका मोठ्या बिज्याच्या बुंध्याशी शिदोरी ठेवायला वाकल्या. फडक्याची गाठ मारली. सोडली. आत मीठ आहे का पाहिलं. पुन्हा मारली, पुन्हा सोडली. लोक थांबून राहिले. ऊन चढत गेलं. शेवटी फागू त्यांच्याशेजारी जाऊन बसला. "दे माय," म्हणाला, आणि त्यानं गाठ बांधली. मग त्या उठल्या, आणि पाळीवरून गावाकडे चालताना एकदाही मागे वळल्या नाहीत. रडत होता तो फागू.

पाटील त्या पावसाळ्यात गेले. शांतपणे गेले. पुराच्या पावसातही तलावाचं पाणी निवळ होतं, हे त्यांनी खाटेवरून विचारून घेतलं होतं.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी रतिराम शहराहून बैलगाडी जुंपून आला, एकटाच. हातात नवं लुगडं होतं. पाळीवर उतरून राईच्या कडेला येऊन उभा राहिला आणि मग काय करावं ते त्याला कळेना. लाकडाशी बोलायचं तरी कसं? लाज वाटून तो परत फिरणार, इतक्यात झाडांतून कुणी तरी बाहेर आलं. लुगडं नेसलेलं, डोक्यावर पदर, हातात ताट, ताटात निरांजन. मंडईची तयारी करून बसलेला फागूच तो. पण रतिरामनं नंतर सांगितलं, म्हणे, की त्या वेळी मला फागू दिसला नाही.

"दादा, ये," ती म्हणाली. "लई वाट पायली."

तिनं त्याला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. मागे झितरूनं अगदी हळू ढोलकी धरली आणि दंडारीवाले गायले. एवढा मोठा शिकलेला माणूस पाटावर बसून ढसाढसा रडला. ओवाळणीत काय घालावं? लुगडं तर आणलंच होतं. तो म्हणाला, "राईच्या पलीकडचा माझ्या वाट्याचा माळ आजपासून तिचा. तिला पसरायला जागा लागेल. आणि माझ्या बांधीतलं धान दरसाल दंडारीला. बहिणीच्या घरचं गाणं बंद पडता कामा नये."

गिरणी त्यानं पुढे टाकली, पण लहानशी. राई मात्र त्या माळावर पसरली. तो उतार दिसतो ना, राईच्या मानानं कोवळ्या झाडांचा? तो रतिरामचा माळ. त्यापुढचा तुकडा दुसऱ्या कुणी तरी दिला, त्यापुढचा आणखी कुणी. जमीन नाही त्यानं टोपलीभर धान दिलं, तेही नाही त्यानं एक रोप आणून लावलं.

कवतिकाबाई पुढे पुष्कळ जगल्या. गावातल्या प्रत्येक हळदीला त्यांना मान असायचा, कारण त्या आता लेक दिलेली आई होत्या. गुडघे खरोखर दुखायला लागले तरी त्या जात.

आजही भाऊबीजेच्या सकाळी इथं पाट मांडतात. मंडईची दंडार त्याशिवाय उभी राहत नाही. बाईचं काम करणारा जो कोण असेल, तो राईच्या सावलीतून ताट घेऊन बाहेर येतो, आणि ज्याला बहीण नाही तो पाटावर बसतो. कुणाची वारली असते, कुणाची बोलत नसते, कुणाला झालेलीच नसते. आता दूरदूरची माणसं येतात. मागच्या साली एक केस पिकलेले गृहस्थ आले होते, पाळीवर लांबच उभे. मला विचारत होते, आमचं गाव दुसरं, जात दुसरी, आम्हाला चालेल का?

मी म्हणालो, तिनं आजवर कुणाला विचारलेलं नाही हो. जवळ जायचं आणि कपाळ पुढे करायचं.